निरोगी गटातला एक आवाज

घरातले सगळे त्याला विद्यार्थी म्हणायचे, आणि तेही पन्नाशी उलटून गेल्यावर. नाव ठेवलं धाकट्या भावाने. भावाचं बॅटऱ्यांचं दुकान होतं, त्याची पोरं कॉलेजात गेली तरी थोरल्याच्या परीक्षा काही संपेनात. आधी डॉक्टर होण्यात वर्षं गेली, मग मेंदू आणि नसांच्या आजारांचा डॉक्टर होण्यात. लोकांना वाटलं, सुटलो एकदाचे, आता दवाखान्याची पाटी लागणार. तर हा पठ्ठ्या पुन्हा दप्तर उचलून संशोधनाची पदवी घ्यायला निघाला. लग्न जमत होतं तेव्हा मुलीच्या मामाने विचारलं, मुलगा काय करतो. भाऊ म्हणाला, "शिकतो."

"अहो, कानशिलावर केस पिकलेत त्याचे," मामा म्हणाला.

"म्हणूनच म्हटलं, आत्ता मधली सुट्टी आहे तर उरकून घेऊ."

मुलगी हसली आणि तिने होकार दिला. ती कपडे अल्टर करून द्यायची. कुणाची पँट आखूड कर, कुणाच्या ब्लाउजची शिवण उसव, असं तिचं काम. लग्नानंतरही तिने ते सोडलं नाही. तिचं शिवणाचं मशीन खिडकीशी आलं, आणि तिथेच राहिलं.

डॉक्टरकी आणि संशोधन दोन्ही धरून चालणाऱ्या माणसाचे हाल कुत्रा खात नाही. सकाळभर हा ओपीडीत रोगी तपासायचा, दुपारी आवाजाच्या खोलीत जायचा. ओपीडीतले डॉक्टर म्हणायचे, हे प्रयोगवाले. प्रयोगवाले म्हणायचे, हे ओपीडीतले. दोन्हीकडचे लोक त्याला दुसरीकडचा समजत आणि दोन्हीकडच्या मीटिंगला मात्र न चुकता बोलावत.

आवाजाची खोली म्हणजे हॉस्पिटलच्या जुन्या भागात, पूर्वी चादरी ठेवायची जागा होती ती. भिंतींना जाड फोम लावलेला, दाराला रबराची पट्टी. दार लागलं की कानात बोळे घातल्यासारखं व्हायचं आणि आपणच गिळलेला आवंढा आपल्याला ऐकू यायचा. पहिल्यांदा आत आलेला माणूस हमखास मागे वळून बघायचा. तिथे कुणी नसायचं, तरी बघायचा.

विद्यार्थ्याचा विषय कंपवात. हात थरथरतात, चाल मंदावते, चेहऱ्यावरचं हसू हळूहळू आटत जातं, तो आजार. त्याचं म्हणणं असं की हाताच्या कितीतरी आधी आवाज बदलतो, फक्त आपल्या कानाला ते कळत नाही, यंत्राला कळेल. म्हणून त्याने रोगी जमवले, तेवढेच निरोगी लोक जमवले, आणि दर सहा महिन्यांनी प्रत्येकाला माइकसमोर बसवून एकच वाक्य बोलायला लावलं. वाक्य त्यानेच निवडलं होतं, हवे ते सगळे उच्चार त्यात येत होते म्हणून. "मधल्या खोलीतला दिवा बंद करून ये, मग आपण निघू."

आता हे वाक्य मेलेल्या माणसाच्या तोंडून कसं लागेल, हा विचार तेव्हा कोण करतो. रोगी म्हातारे होते, वर्षं जात होती. त्यातले बरेच गेले. आवाज राहिले. विद्यार्थी दुपारी हेडफोन लावून बसायचा आणि एकामागून एक ते त्याला दिवा बंद करून यायला सांगायचे. एक नवी शिकाऊ डॉक्टर मदतीला आली होती. पहिल्याच दुपारी तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"सर, निघू म्हणजे कुठे?"

त्याने तिला चहा प्यायला पाठवलं. दुसऱ्या दिवसापासून तिने रक्ताच्या विभागात बदली मागून घेतली.

ऐकणाऱ्याला माणूस ओळखू येऊ नये म्हणून आवाज आधी यंत्रातून सपाट केले जात. बाईचा बाईसारखा राहत नसे, बाप्याचा बाप्यासारखा. तरुण, म्हातारा, काही कळायचं नाही. सगळ्यांचा मिळून एकच कुणीतरी बोलतोय असं वाटायचं. कुठला नंबर कुणाचा, हे आकडेमोड करणाऱ्या दुसऱ्या विभागाकडे कुलपात होतं आणि काम संपेपर्यंत ते कुलूप उघडायचं नाही, असा नियम होता. निरोगी लोकांपैकी कुणाच्या आवाजात काही आढळलं, तरी त्याला सांगायचं नाही, हाही नियम. प्रयोगाला परवानगी देणाऱ्या समितीत यावर चांगली जुंपली होती. एक म्हातारे सर म्हणाले होते की माणसाचं आहे ते माणसाला द्या. विद्यार्थी उठून बोलला. आजार थांबवायचं औषध नाही, मग आधी कळून उपयोग काय? चार-सहा वर्षं तरी बिचारा सुखाने झोपेल. त्याच्या बोलण्यात दम होता, नियम झाला. बोलायला काय जातं म्हणा.

आणि मग निरोगी गटातला एक आवाज यंत्राने उचलून रोग्यांत टाकला.

एकदा झालं तेव्हा विद्यार्थ्याने यंत्राला शिव्या घातल्या. सहा महिन्यांनी नवीन रेकॉर्डिंग आलं, पुन्हा तोच नंबर तिकडे. त्याच्या पुढच्या वेळी तर यंत्राने जराही का-कू केलं नाही. मग तो हेडफोन लावून ऐकायला बसला. सपाट, बेवारशी आवाज. "मधल्या खोलीतला दिवा बंद करून ये." मग थोडी शांतता. डोळ्याची पापणी लवावी एवढीच, पण फोमच्या त्या खोलीत ती केवढी तरी वाटायची. कुणीतरी दाराशी उभं राहून विचार करतंय, असं. "मग आपण निघू." मागची रेकॉर्डिंग्ज काढून त्याने क्रमाने लावली. दर वेळी ती शांतता किंचित लांबलेली.

खोलीचं दार उघडून बाहेर जायला तो धजेना. कारण हे निरोगी लोक काही आकाशातून पडलेले नव्हते. पहिल्या वर्षी माणसं पुरेनात, तेव्हा त्याने दिसेल त्याला पकडून माइकसमोर बसवलं होतं. दारावरचा वॉचमन, कँटीनवाला, मोठ्या नर्सबाई, रोग्यांबरोबर आलेले नातेवाईक. स्वतः बसला, बायकोलाही बसवलं. तेव्हापासून सगळे दर सहा महिन्यांनी येऊन वाक्य बोलून जायचे. यातलं कुणीतरी एक आतून हळूहळू थांबत चाललं होतं, आणि त्याला पत्ता नव्हता.

इथून विद्यार्थ्याचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. सकाळी वॉचमन "नमस्कार सर" म्हणाला की हा पायरीवर थांबायचा, नमस्कार आणि सरच्या मध्ये किती वेळ गेला ते बघायला. कँटीनवाला कप देताना बशी वाजली की हा त्याच्या मनगटाकडे बघत राहायचा. नर्सबाई एकदा बोलता बोलता शब्द आठवत थांबल्या तर हा त्यांच्या तोंडाकडे असा बघत राहिला की त्या म्हणाल्या, "सर, माझ्या दाताला काही लागलंय का?" दिवसभर सगळ्यांच्या बोलण्यात त्याला ती फट ऐकू यायची. एकदा तर लिफ्टमधल्या पोरीने मजल्याचा आकडा सांगितला, त्यातही.

हळूहळू एकेक जण त्याने मनातून वगळला. वॉचमन खणखणीत होता, कँटीनवाला मुळात धांदरट, नर्सबाईंचं वयच झालं होतं. वगळत वगळत तो घरापर्यंत आला, आणि तिथे नेमकं घोडं पेंड खाऊ लागलं.

बायको मशीनपाशी बसली होती. सुईत दोरा ओवत होती. दोरा गेला नाही. तिने टोक ओठांत धरून ओलं केलं, पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा हुकला. चष्म्याचा नंबर वाढला असेल, हे कुठल्याही माणसाला सुचलं असतं. याला सुचलं नाही. हा दारात उभा राहून तिच्या बोटांकडे बघत राहिला.

"काय बघताय?" तिने विचारलं.

"काही नाही."

त्यानंतर तो बघतच राहिला. ती चहा गाळताना, पदर खोचताना, शर्टाची बटणं लावताना. चालताना तिचा डावा हात उजव्याएवढा हलतो का, ते बघायला तो रस्त्यात मुद्दाम मागे राहायचा. ती वळून बघायची आणि पुढे चालू लागायची. जेवताना बोलणं कमी झालं. ती वाटी टेबलावर ठेवायच्या आधी थांबायची, दोन्ही हातांनी धरायची, मग ठेवायची. माणूस हात सांभाळायला लागला की काय समजायचं, हे त्याने शेकडो रोग्यांत पाहिलेलं होतं. घर असं गप्प झालं की मशीन सुरू झालं तरी दोघं दचकायची.

नंबर कुणाचा ते विचारायला तो आकडेवाल्यांच्या विभागापर्यंत एकदा गेला आणि दारातून परत आला. नियम त्यानेच केलेला, आता कुठल्या तोंडाने मागणार? पण जीव टांगणीला लागला होता. ती असेल तर तिला सांगायचं की नाही? सांगितलं तर त्या दिवसापासून ती सुई हातात धरायला घाबरणार. नाही सांगितलं तर हा रोज तिच्या शेजारी बसून तिला संपताना बघणार, आणि तिने विचारलं तर काही नाही म्हणणार. समितीत हे सगळं किती सोपं वाटलं होतं, आठवून त्याला स्वतःची लाज वाटली.

शेवटी एका रविवारी सकाळी त्याने तो आवाज फोनवर घालून घरी आणला. नियम मोडला, सरळ सरळ मोडला. सपाट केलेल्या आवाजातही स्वतःची ओळख माणसाला पटते का, एवढंच बघायचं, असं त्याने मनाला समजावलं होतं. खरं म्हणजे त्याला एकट्याने ते ओझं सहन होत नव्हतं.

ती कुणाचीतरी पँट उसवत होती. खिडकीतून ऊन मशीनवर आलं होतं.

"एक ऐक जरा," तो म्हणाला. "कुणाचा आवाज आहे, ओळखता येतो का?"

तिने कात्री खाली ठेवली. हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरले. त्याने बटण दाबलं. स्वयंपाकघरातल्या नळाच्या आवाजात मिसळून तो सपाट, कुणाचाच नसलेला आवाज खोलीभर पसरला. दिवा बंद करून ये. शांतता. मग आपण निघू.

त्याने पुन्हा लावला. ऐकताना तिचे डोळे मिटले होते आणि ओठ हलत होते. पुढे काय येणार ते तिला आधीच माहीत असावं, तसे.

"हे तुम्ही आहात," ती म्हणाली.

"छे. नीट ऐक."

"नीटच ऐकलं. अहो, 'मग'च्या आधी थांबता ना तुम्ही. फोनवर बोलताना पण थांबता. मला दर वेळी वाटतं फोन कट झाला. आपली पोरगी पण म्हणते, बाबा हल्ली मध्येच कुठे जातात?"

विद्यार्थी फोन हातात धरून उभा होता. वॉचमन, कँटीनवाला, नर्सबाई, बायको. जगातल्या सगळ्यांना त्याने तपासलं होतं. माइकसमोर तो स्वतःही बसला होता, हे तो विसरला नव्हता, फक्त त्या यादीत आपण आहोत असं त्याला एकदाही वाटलं नव्हतं. रोगी समोर बसतो आणि डॉक्टर इकडे, एवढी वर्षं हेच तर तो शिकला होता.

"म्हणजे..." बायको म्हणाली आणि उठून उभी राहिली. "म्हणजे मी नाही?"

"कोण तू नाही?"

"जिला झालंय ती. तुम्ही किती दिवस माझ्या हातांकडे बघताय. रस्त्यात मागे राहून बघताय. मला काय कळत नाही? इतकी वर्षं तुमच्या तोंडून तो आजार ऐकतेय. मला वाटलं, मला झालंय आणि तुम्हाला सांगवत नाही. मशीन कुणाला द्यायचं तेसुद्धा ठरवलं मी. भांडं ठेवताना वाजू नये म्हणून दोन हातांनी ठेवायचे. मी नाही ना? खरं सांगा, मी नाही?"

"तू नाहीस," तो म्हणाला.

तिच्या चेहऱ्यावर आनंद पसरला. लग्न ठरलं तेव्हा हसली होती तेवढा, कदाचित जास्तच. तिने छातीवर हात ठेवून मोठा श्वास सोडला आणि देवाचं नाव घेतलं. चेहरे वाचणं हा त्याचा धंदाच होता, त्यामुळे त्या आनंदातला कणही त्याच्या नजरेतून सुटला नाही. मग तिला कळलं. आनंद लगेच गेला नाही, थोडा वेळ गालांवर तसाच अडकून राहिला आणि डोळे मात्र भरून आले.

"अहो, मी तसं नाही म्हटलं," ती म्हणाली. "देवाशप्पथ, तसं नाही."

"माहीत आहे मला."

त्याला राग आला नव्हता. त्याला भीती वाटत होती, आणि ती आता दोघांची झाली म्हणून थोडं हलकंही वाटत होतं. न सांगता माणूस सुखाने झोपतो, असं तो समितीत छातीठोकपणे बोलला होता. त्याची स्वतःची बायको कितीतरी रात्री त्याच्या शेजारी जागी होती, आणि तिला तर काही झालंही नव्हतं.

तो स्टूल ओढून तिच्यासमोर बसला. कापडाचे तुकडे बाजूला सारले आणि दोन्ही हात मशीनच्या फळीवर, उन्हात, पालथे ठेवले. रोग्यांना तो ठेवायला सांगायचा तसे. स्वतः मात्र खिडकीबाहेर बघत राहिला.

"बघ," तो म्हणाला. "आणि दिसेल ते सांग."

तिने चष्मा पदराला पुसला, घातला, आणि वाकून बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं.

"उजवा," ती म्हणाली.