मिस्त्रींनी फळीवर लिहिलं होतं

गुण्या सहा वर्षांचा असताना आईचं बोट धरून मिस्त्रींच्या कारखान्यात आला आणि एक्कावन्नाव्या वर्षी हत्यारांची एक पेटी घेऊन तिथून बाहेर पडला. मधली पंचेचाळीस वर्षं तो तिथंच राहिला, तिथंच राबला. त्या जागेच्या एकाही कागदावर त्याचं नाव नव्हतं.

आईचं हे दुसरं लग्न, मिस्त्रींचं पहिलंच. खाली सुतारकामाचा कारखाना, वर दोन खोल्या. मिस्त्रींनी पोराला कधी परकं मानलं नाही आणि त्याचे कधी लाडही केले नाहीत. खाली असताना मिस्त्री म्हणायचं, वर गेलं की बाबा, हा नियम त्यांनीच घातला. "आणि जिन्यात भेटलात तर?" असं पोरानं एकदा विचारलं. "जिन्यात गप्प बसायचं," मिस्त्री म्हणाले.

गुण्या हे नावही त्यांनीच ठेवलेलं. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार. पोरगा दहाव्या वर्षीच नुसत्या नजरेनं सांगायचा, चौकट कुठल्या कोपऱ्यात तिरकी आहे ते. मिस्त्री हत्यार लावून बघायचे. पोराचं बरोबर निघालं की काही बोलायचे नाहीत. चुकलं की दिवसभर बोलायचे.

मिस्त्रींच्या हाताखाली टिकणं सोपं नव्हतं. एका खुर्चीचा पाय मनासारखा बसेना, म्हणून त्यांनी त्यात तीन दिवस घातले. गिऱ्हाईक म्हणालं, "अहो, कुणाला दिसणार आहे ते?" मिस्त्री म्हणाले, "मला दिसतंय ना." दिलेली तारीख त्यांनी कधी चुकवली नाही. कागदावर मात्र त्यांचा राग. कागद हरवतो, फाटतो, भिजतो, असं त्यांचं म्हणणं. मापं असोत, गिऱ्हाईकाचा नंबर असो, डॉक्टरची वेळ असो, जे लिहायचं ते हाताशी येईल त्या फळीवर, जाड पेन्सिलीनं. गरज संपली की रंध्याचे दोन हात मारायचे, फळी कोरी.

आई गेली तेव्हा गुण्या चोवीस वर्षांचा होता. पुढं त्याचं लग्न झालं. मूल झालं नाही. बायकोच्या बहिणीची मुलगी लहानपणापासून त्यांच्याकडेच वाढली आणि मोठी झाल्यावर कारखान्यात पॉलिशचं काम बघू लागली. मिस्त्रींचे हात थरथरायला लागल्यावर सगळं काम गुण्यावर आलं. कारखाना पुढं त्याचाच, हे मिस्त्री चारचौघांत म्हणायचे. लाकूडवाल्याला म्हणायचे, गिऱ्हाइकांना म्हणायचे. ज्याला सांगून कायद्यानं काही उपयोग झाला असता, अशा कुणाला म्हणाल्याचं मात्र कुणालाच आठवत नाही.

मिस्त्री अंथरुणाला खिळले तेव्हा गुण्याच्या बायकोनं एकदा धीर करून विषय काढला.

"बाबा, कागदाचं काहीतरी करून ठेवा. यांचं नाव कुठंच नाही."

"मला पोचवायची घाई झाली काय तुला?"

"तसं नाही हो बाबा. पण उद्या कुणी विचारलं तर?"

"लिहिलंय मी. बास."

गुण्यानं बायकोला डोळ्यांनीच दटावलं. त्याला त्या विचारण्याचीच लाज वाटली. मिस्त्री लिहिलंय म्हणाले म्हणजे लिहिलंय. रात्री ती म्हणाली, "कुठं लिहिलंय ते तरी विचारा." त्यानं कूस बदलली.

मिस्त्री आठ महिने झोपून होते. पाठीला जखम होऊ नये म्हणून गुण्या दर दोन तासांनी काम सोडून वर जायचा आणि त्यांना वळवायचा. पाठीला शेवटपर्यंत एक ओरखडा नव्हता. मिस्त्रींचे धाकटे भाऊ, ज्यांना गुण्या काका म्हणायचा, त्या आठ महिन्यांत दोनदा आले. दोन्ही वेळा परतीचं तिकीट खिशात होतं.

मिस्त्री गेल्यावर मात्र काका चार दिवस राहिले. गुण्याच्या गळ्यात पडून रडले. निघताना म्हणाले, "तू दादाचाच पोरगा रे. घराची फाईल दे माझ्याकडे. कचेऱ्यांत खेटे घालायची मला सवय आहे. तू हातातलं काम टाकून कुठं रांगेत उभा राहणार?"

बायकोनं फाईल आधीच चाळली होती. आत घराचे जुने कागद होते, कराच्या पावत्या होत्या. मृत्युपत्र नव्हतं. "फाईल देऊ नका," ती हळूच म्हणाली. गुण्या म्हणाला, "अगं, काका आहेत ते." फाईल त्यानंच दोरीनं बांधली. काकांना गाडीत बसवून दिलं, खिडकीतून ती त्यांच्या हातात दिली आणि वर पाण्याची बाटलीही घेऊन दिली.

पाच महिन्यांनी एक जाड पाकीट आलं. जागा काकांच्या नावावर झाली होती. दोन महिन्यांत खाली करायची होती.

गुण्यानं फोन लावला. काका म्हणाले, "अरे, मी तुला फोन करणारच होतो."

मग गुण्यानं मिस्त्रींनी लिहिलेलं कुठं सापडतं का, याची शोधाशोध सुरू केली. गाद्या उसवल्या, कपाटं सरकवली, मशीनखालचा भुसा उपसला. तिसऱ्या दिवशी भिंतीवरची हत्यारं अडकवायची फळी काढली आणि उलटी केली. मागं मिस्त्रींचं अक्षर होतं.

माझ्यामागं कारखाना, वरच्या खोल्या, मशीन, हत्यारं, सगळं गुण्याचं.

पेन्सिल पुसली जाऊ नये म्हणून त्यावर पॉलिशचे दोन हात दिलेले होते. कडा घासून गोल केल्या होत्या. फळीही साधी नव्हती, चांगली जुनी, मुरलेली होती. मिस्त्रींनी कामात कसूर केली नव्हती. गुण्या तिथंच भुशात बसला आणि हसला. बायको धावत आली, तिला वाटलं रडतोय.

फळी चादरीत गुंडाळून दोघं वकीलबाईंकडे गेले. बाईंनी ती टेबलावर ठेवून वाचली.

"सही?"

"अक्षर त्यांचं आहे. अख्खा बाजार ओळखेल."

"अक्षर नाही. सही. आणि सही करताना समोर असलेले दोन साक्षीदार."

"खाली एवढी जागा आहे," बायको म्हणाली. "सही करायला किती लागतं?"

"आता ती कोण करणार?" बाई म्हणाल्या. मग गुण्याकडे वळल्या. "तुम्हाला रीतसर दत्तक घेतलं होतं?"

"घ्यायचं काय त्यात? मी तिथंच होतो की."

बाईंनी चष्मा काढला. सावत्र मुलगा कायद्याच्या हिशेबात येत नाही, त्यांनी समजावून सांगितलं. मिस्त्रींची बायको आधी गेलेली, पोटचं मूल नाही, मग राहिला सख्खा भाऊ. मिस्त्रींनी साध्या कागदावर दोन ओळी लिहून, दोन माणसांसमोर सही केली असती, तर भावाला हात लावता आला नसता. "तुमच्यावर अन्याय झालाय," बाई म्हणाल्या. "पण तो कोर्टात सिद्ध होणारा नाही. एक करा, ज्यांना मिळालंय त्यांनाच जाऊन सांगा. त्यांनी मनावर घेतलं तर आजही होईल."

म्हणून गुण्या फळी घेऊन काकांकडे गेला. काकूंनी पाणी दिलं आणि त्या आत गेल्या, परत बाहेर आल्याच नाहीत. काकांनी फळी खिडकीशी नेली, उजेडात धरली, सावकाश वाचली.

"अक्षर दादाचंच आहे," ते म्हणाले.

गुण्याला वाटलं, सुटलो. "मग काका?"

"मग काय? हे बघ गुण्या, राग मानू नकोस. दादाला खरंच द्यायचं असतं तर त्यानं नीट केलं असतं. खुर्चीच्या पायाला तीन दिवस देणारा माणूस तो. त्याला एक कागद जड होता?"

 हे वाक्य गुण्याच्या मनात कुठंतरी आधीच होतं. काकांनी फक्त बाहेर काढलं.

"तुम्ही माझ्या गळ्यात पडून रडलात," तो शेवटी म्हणाला.

"रडलो ते खरंच रडलो."

"दादाचाच पोरगा म्हणालात."

"मी म्हणालो रे. कायदा म्हणत नाही." काकांनी फळी त्याच्यापुढं केली. "ही ठेव तू. आठवण म्हणून."

"फळी कारखान्यातली आहे," गुण्या म्हणाला. "तुमचीच झाली ती." आणि तो चप्पल घालून निघाला.

उरलेल्या दिवसांत त्यानं हातातली सगळी कामं पुरी करून दिली. मग हत्यारं वेगळी केली. जी त्यानं स्वतःच्या कमाईतून घेतली होती तेवढीच पेटीत. ती अकरा भरली. मिस्त्रींचा मोठा रंधा त्यानं तीस वर्षं वापरला होता, मुठीला त्याच्याच हाताचा आकार आला होता. तो त्यानं धार लावून, तेलाचा हात फिरवून तिथंच ठेवला.

"धार कशाला लावताय त्यांच्यासाठी?" बायको कडाडली. "झाडूनपुसून ओवाळा पण!"

"बोथट ठेवून जायचं असतं का?"

"तुम्हाला केसानं गळा कापला तरी तुम्ही आधी धारच बघाल."

यावर तो पहिल्यांदा नीट हसला. मग दोघंही जिन्यात बसून राहिली.

टायरच्या दुकानामागं त्यानं पत्र्याची शेड भाड्यानं घेतली. कामं येत होती, नाव होतं. पॉलिशचं काम भाचीकडेच होतं. त्या काळात कुणी मिस्त्रींचं नाव काढलं, की गुण्या त्यांची बाजू घ्यायचा. आजारी होते. कचेरी लांब. जिना उतरवत नव्हता. म्हाताऱ्या माणसाला मरणाबद्दल लिहिणं सोपं असतं का? बायको ऐकून घ्यायची. एक दिवस ती म्हणाली, "ते राहू दे. आपल्या पोरीचं नाव कुठं आहे?"

गुण्याच्या हातातली पटाशी थांबली. भाचीही कागदानं कुणीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम बाजूला ठेवून तो वकीलबाईंकडे गेला. सोबत शेजारचा वेल्डर आणि पंक्चरवाला.

"काय काय आहे तुमचं?" बाईंनी विचारलं.

"अकरा हत्यारं, एक मशीन, शेडची अनामत, बँकेत थोडंफार."

"आमच्याकडे काय नाही बुवा," वेल्डर म्हणाला. "मला लिहायला दोन शब्दच लागतील."

"तू आधी हात पूस," पंक्चरवाला म्हणाला. "कागद काळा करशील."

बाईंनी विचारलं, त्यानं सांगितलं, त्यांनी लिहून वाचून दाखवलं. आधी सगळं बायकोचं, तिच्यामागं भाचीचं. भाचीचं पूर्ण नाव, वय, ती कोण, कुठं राहते. त्यानं सही केली. त्याच्यासमोर दोघांनी सह्या केल्या. बाईंनी कागद पाकिटात घालून दिला. गुण्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग परत पाहिलं.

"अजून काही राहिलंय का?" त्यानं विचारलं.

"नाही. झालं."

"एवढंच?"

"एवढंच."

परत येताना दोघं साक्षीदार बडबडत होते.  मिस्त्रींसाठी गोळा करून ठेवलेली कारणं गुण्या एकेक करून तपासत होता. आजारपण आठ महिन्यांचं, त्याआधी त्रेचाळीस वर्षं हिंडतेफिरते. कचेरी लांब नव्हती, वकीलबाई घरी आल्या असत्या. फळी घासली, कडा गोल केल्या, पॉलिशचा एक हात दिला, वाळवला, दुसरा दिला. त्याला दोन दिवस लागले असतील. एकही कारण काटकोनात बसेना.

शेडमध्ये भाची दाराच्या फळीवर पॉलिश मारत होती. त्याचं तोंड बघून तिनं हात थांबवला.

"काय झालं? काही अडलं का?"

"नाही. झालं सगळं."

"मग? किती वेळ लागला?"

"चाळीस मिनिटं."

"अरे वा, लवकर झालं की."

"हो," गुण्या म्हणाला. तो बाकावर बसला आणि बराच वेळ त्यानं कशालाच हात लावला नाही.