जावयाकडची डिग्री

मी भांडखोर आहे असं सासरी समजतात. माहेरी त्याबद्दल शंकाच नाही. पण ज्या भांडणाबद्दल मी इथं लिहितेय ते मी ठरवून केलं, पूर्ण शुद्धीत आणि भरल्या ताटावर. ते केल्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. फक्त ते आत्याशी झालं, याचं वाईट वाटतं.

मोहाडी तालुक्यात बायकांचे बचत गट चालवणाऱ्या एका संस्थेत मी दहा-अकरा वर्षं काम करत होते. हुद्दा संघटिकेचा. म्हणजे स्कूटीवर गावोगाव फिरायचं, गट बांधायचे, भांडून तुटले की पुन्हा बांधायचे, आणि बँकेत साहेबांसमोर बायकांना उभं न ठेवता खुर्चीवर बसवायचं. माझ्या वर जिल्हा समन्वयक असायचा. तो दर वेळी नागपूरहून नाहीतर पुण्याहून यायचा, एम.ए. झालेला, वयानं माझ्या धाकट्या भावाएवढा. धानाच्या रोवणीच्या दिवसांत बैठक ठेवायची नसते, हेसुद्धा त्याला मीच सांगायचे. काम शिकून झालं की तो मोठ्या पगारावर दुसरीकडे जायचा. असे चौघे मी तयार करून पाठवले. चौथा गेला तेव्हा संचालक सर म्हणाले, "पुन्हा जाहिरात द्यावी लागेल."

मी म्हटलं, "सर, मलाच द्या ना ती जागा."

"तुमचं बी.ए. आहे. निधी देणाऱ्यांची अट आहे, पदव्युत्तर पाहिजे. करून घ्या, पुढच्या वेळी बघू."

पाचवा माणूस शिकवायची माझी इच्छा नव्हती. एवढ्या वेळेपुरता कोणी आलाच तर शिकवीन, पण त्याच्यानंतर ती खुर्ची माझी, असं मी त्याच दिवशी मनाशी ठरवलं. मला ती हवी होती आणि हवी आहे म्हणायची लाज वाटत नव्हती.

नोकरी आणि घर सोडून नागपूरला कॉलेजात बसणं शक्य नव्हतं. नवऱ्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, मुलगी शाळेत. तेव्हा ऑनलाइनच करायचं. मोबाइलवर एकदा 'ऑनलाइन एम.ए.' असं शोधलं आणि माझं चुकलंच. त्यानंतर महिनाभर फोन थांबेना. "मॅम, दोनच सीट उरल्यात," असं जी मुलगी सोमवारी सांगायची तीच शनिवारीही सांगायची. एका ठिकाणची फी ऐकून नवरा म्हणाला, "एवढ्यात तर दुसरं दुकान टाकून होते."

अशात आत्याचा फोन आला. माझी आत्या एकोडीला असते, साकोली तालुक्यात. लग्नाच्या चौकशीसाठी तिचं नाव आजूबाजूच्या गावांत घेतलं जातं. कोणाची मुलगी उजवायची असली की आधी आत्याला त्या गावी पाठवतात. ती थेट मुलाच्या घरी जातच नाही. किराणा दुकानात बसते, बोअरिंगवर पाणी मागते, आणि संध्याकाळी परत येऊन सांगते की मुलगा पितो की नाही. तिचा एक नियम मी लहानपणापासून ऐकत आले: "नवरदेवाच्या मामाले विचारू नये, थो गोडच बोलन. जी पोरगी आंधी त्या घरी गेली, तिले विचाराव." माझं लग्नही तिनंच जुळवलं. नवरा कधी चिडून म्हणतो, "मले पाहताना एवढं विचारलं होतं का तू?" मी म्हणते, "आत्यानं विचारलं होतं. म्हणून तर टिकून आहे."

तर आत्या फोनवर म्हणाली, "तू कायले परेशान होऊन राहिली व? आपला जवाईच एम.ए. करून देते."

जावई म्हणजे तिच्या दिराचा जावई. साकोलीत त्यानं प्रवेश केंद्र टाकलं होतं. मी त्याच्याशी बोलले. बोलणं लोण्यासारखं. विद्यापीठ दूरच्या एका राज्यातलं, पण सरकारमान्य. ग्रामविकासात एम.ए., परीक्षा घरूनच द्यायची, फी इतरांपेक्षा निम्मी. आणि, त्यानं आवाज खाली आणून सांगितलं, प्रवेश मागच्या वर्षीच्या तारखेनं दाखवता येईल, म्हणजे दोन वर्षांचं काम एका वर्षात. फक्त मूळ गुणपत्रिका त्याच्याकडे ठेवायच्या.

खरं सांगायचं तर मला मोह झाला. दोन वर्षांची वाट एका वर्षावर येणार होती. घरच्यांना तर विचारायचं काही उरलंच नव्हतं. आमच्याकडे जावयाची चौकशी लग्नाआधी होते, मग कधीच नाही. एकदा त्याच्या कपाळाला टिळा लागला की तो सांगेल ते खरं. त्याच्या बोलण्यावर दुसऱ्याला विचारणं म्हणजे त्याच्या सासऱ्याच्या तोंडात मारणं. आत्यासारखी बाई, जी अनोळखी मुलाच्या सात पिढ्या उकरून काढते, तिनंही या कामात कोणाला एक शब्द विचारला नव्हता. मीही त्याला होच म्हणून टाकलं. आत्याच्या घरी नातवाच्या नामकरणाचा कार्यक्रम होता, त्या दिवशी फी आणि गुणपत्रिका घेऊन येते, असं ठरलं.

हो म्हटल्यावर मला बरं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. मी जावयाला विचारलं, तुमच्याकडून कोणी केलंय त्यांच्याशी बोलू द्या. त्यानं दोन नंबर दिले. दोघांनीही भरभरून स्तुती केली, आणि फोन ठेवताना माझ्या लक्षात आलं की हे तर नवरदेवाचे मामाच झाले.

मग मी माझ्या पद्धतीनं निघाले. बाजारात, बैठकांत, प्रशिक्षणांत, जी बाई भेटेल तिला विचारायचे, साकोलीच्या केंद्रातून कोणी शिकलंय का. भंडाऱ्याला एका प्रशिक्षणात जेवणाच्या रांगेत माझ्या मागे आंबागडकडची एक जण उभी होती. तिनं आधी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. जेवण झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाली, "मीच केलं, ताई. हाच विषय."

"मग?"

"भरतीच्या पडताळणीत माहा कागद बाजूले ठेवला. म्हने, विद्यापीठ खरं आहे, पन हा विषय ऑनलाइन शिकवाची त्यायले परवानगीच नाही. परवानगी विषयावार असते म्हने. मले का मालूम?"

"कोणाला सांगितलं नाही तुम्ही?"

"आपलाच मानूस. नाव कसं घेऊ?"

ती रडली नाही. डबा धुतला आणि परत जाऊन बसली. राग मला आला, इतका की दुपारच्या सत्रात काय शिकवलं ते आठवत नाही. घरी येऊन मी दिल्लीच्या ज्या कार्यालयाकडून अशा परवानग्या मिळतात त्याचं संकेतस्थळ उघडलं. ती म्हणाली ते खरं होतं. विद्यापीठ होतं, हा विषय नव्हता.

नवरा म्हणाला, "फोनवर नाही म्हणून दे. कायले बोभाटा करतं?" शहाणपण त्यातच होतं. पण जावयाच्या केंद्रात आणखी कोण कोण जाऊन बसलं असेल, आणि सगळ्याच 'आपलाच माणूस' म्हणून गप्प बसल्या असतील, तर कोणी बोलायचं? मी एकोडीला गेले.

जावई आला म्हणून कोंबडं कापलं होतं, वडे तळले होते. पंगत बसली. त्याचं ताट पाटावर, आत्या स्वतः वाढत होती. त्यानंच विषय काढला, "ताई, कागद आणले ना?"

मी म्हटलं, "आधी एक विचारू का, जवाई? तुमच्या विद्यापीठाले हा विषय ऑनलाइन शिकवाची परवानगी आहे का?"

"विद्यापीठ सरकारमान्य आहे जी."

"विद्यापीठाचं नाही, विषयाचं विचारून राहिली."

"आतापर्यंत किती लोकायनं केलं, ताई."

"त्यातल्या एकाले नोकरी लागली असन तर नाव सांगा. नंबर देऊ नका, मी शोधते. अन् मागच्या तारखेचा प्रवेश कोनत्या कायद्यानं देता, थेही सांगा."

त्यानं हातातला वडा ताटात ठेवला. पंगतीत कोणी कोणाकडे बघेना. तो म्हणाला, "सगळेच देतेत," आणि उठून हात धुवायला गेला. जावई अर्ध्या ताटावरून उठला.

आत्याच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. "जेवत्या मानसाले उठवलं तू. माह्या घरी."

"आत्या, तू एकदा तरी विचारलं का याले?"

"जवायाची चौकशी कोन करते व?"

"तेच तर म्हणून राहिली मी."

"मी तुह्यासाठी शब्द टाकला होता. आता माह्या दारी येऊ नको."

मी ताट उचलून ठेवलं आणि स्कूटी काढली. लाखनीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला थांबून पोटभर रडले. ज्या बाईनं मला बोलायला शिकवलं तिनंच बोलल्याबद्दल दार बंद केलं, याचं दुःख मला त्या एम.ए.पेक्षा मोठं होतं. पण म्हणून मूळ गुणपत्रिका त्याच्या कपाटात ठेवायला मी वेडी नव्हते.

त्यानंतर मी उलट्या बाजूनं सुरुवात केली. आधी डिग्री शोधून मग नोकरीवाल्याला दाखवण्यापेक्षा, नोकरीवाल्यालाच आधी विचारायचं. मासिक बैठकीत, सगळे बसलेले असताना, मी संचालक सरांना विचारलं, "मुक्त विद्यापीठातून ग्रामविकासात एम.ए. केलं तर चालेल का?"

"मान्यताप्राप्त असलं तर का नाही?"

"सर, असलं तर नको. हे विद्यापीठ, हा विषय, ही परवानगी." मी मोबाइल त्यांच्यापुढे धरला. "चालेल का नाही, तेवढं आत्ता सांगा."

सर वैतागले. "आत्ताच्या आत्ता?"

"दोन वर्षं माझी जाणार आहेत, सर, तुमची नाही."

कोणीतरी हसलं. सरांनी निधी देणाऱ्यांच्या मुंबईच्या कार्यालयात तिथूनच फोन लावला आणि होकार घेतला. चारचौघांत घेतलेला होकार साक्षगंधासारखा, साखरपुड्यासारखा असतो, मोडायला तोंड राहत नाही. तरी भंडारा आणि नागपूरच्या आणखी दोन संस्थांनाही मी तेच विचारून घेतलं. एकाच घरावर भरवसा ठेवू नये. फी वर्षावर्षानं भरायची होती आणि माझ्या पगारात बसत होती. पुस्तकं पोस्टानं आली, तास मोबाइलवर, परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन, ओळखपत्र दाखवून. ज्या दिवशी कळलं की परीक्षा घरून देता येणार नाही, त्या दिवशी मला खरा विश्वास वाटला.

दोन वर्षं कशी गेली त्याचं कौतुक सांगत नाही. मुलगी तिचं पाठांतर करायची, मी माझं. गटातल्या ज्या भांडणात मी स्वतः मधे उभी राहून शिव्या खाल्ल्या होत्या, त्याला पुस्तकात भारदस्त नाव होतं हे वाचून हसू यायचं. मधल्या काळात पाचवा समन्वयक आला, शिकला आणि गेला. जाहिरात लागली तेव्हा माझ्या हातात डिग्री होती.

मुलाखतीत मुंबईच्या कार्यालयातल्या बाईंनी विचारलं, "डिस्टन्सचं आहे का?"

"हो. आणि तुमच्याच कार्यालयानं ते चालेल म्हणून सांगितलंय, सरांसमोर."

सरांनी मान हलवली. पुढचा सगळा वेळ आम्ही मासेमारीच्या तलावांच्या लिलावात बायकांचे गट कसे उतरवायचे यावर बोललो. डिग्रीबद्दल दुसरा प्रश्न आला नाही. आठवड्यात नेमणूक झाली. त्या खुर्चीत बसले तेव्हा मी दार लावून घेतलं आणि एकटीच हसले. मी ते मिळवलं होतं, आणि कोणी मेहरबानी केली असं मला क्षणभरही वाटलं नाही.

पहिल्या रविवारी मी एकोडीला गेले. बोलावणं नव्हतं. खोटं कशाला बोलू, आत्याला दाखवायलाच गेले होते. दोन वर्षं मनात वाक्यं तयार होती.

आत्या अंगणात लाखोरीची डाळ निवडत बसली होती. मला बघून उठली नाही, जा असंही म्हणाली नाही. सूप हलवत विचारलं, "झाली का साहेबीन?"

"झाली."

"बेस झालं." मग सुपाकडे बघतच म्हणाली, "तू गेली ना त्या दिवशी, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात मी माह्या नातीचं नाव टाकलं जवायाकडं, एम.ए.ले. मोठ्या पोराची पोरगी. कॉलेजात पहिली येत होती. म्हटलं, पोरगी करून दाखवन अन् मी तुह्या तोंडावर फेकीन." सुपातले दाणे ती पुन्हा पुन्हा त्याच जागी सरकवत होती. "तिचा कागद परत आला, पोरी. भरतीतून काढलं तिले. तुह्या रागानं मी माह्याच पोरीचं वाटोळं केलं."

 मला वाटलं होतं हे ऐकून छातीतला राग निवेल. निवला नाही, उलट त्या दिवशी मी दाराशी बसून राहायला हवं होतं, हाकलली तरी, असं वाटलं. मी आत्याच्या हातातून सूप काढून घेतलं. ती रडायला लागली आणि मीही.

"बोलाव तिला," मी म्हटलं. "वय गेलं नाही. सगळं पहिल्यापासून करू."

मलाही आत्याच म्हणणारी ती नात दारामागेच उभी असावी. बाहेर आली, तेव्हा तिच्या हातात पिशवी होती, सगळ्या गुणपत्रिका भरलेली. साकोलीच्या कॉलेजात तीन वर्षं रोज बसनं जाऊन, वर्गात बसून मिळवलेल्या. ती माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "आत्या, माहं बी.ए. तरी खरं आहे ना?"

"खरं आहे," मी म्हटलं, आणि तिला जवळ बसवून घेतलं.