इद्रिसची रजा

परवा दिघीच्या धक्क्यावर आगरदांड्याच्या बोटीची वाट बघत बसलो होतो. शेजारी बसलेल्या, मस्कतहून सुट्टीवर आलेल्या गृहस्थांनी थर्मास उघडला आणि सुंठ घातलेल्या कॉफीचा वास आला. मला इद्रिस आठवला.

इद्रिस सुदानहून आमच्या कॉलेजात शिकायला आला होता. परदेशी विद्यार्थ्यांचं काम माझ्याकडे होतं. तो खोलीवर अशीच कॉफी करायचा. मराठी शिकला होता मेसमधल्या मावशींकडून. एका सकाळी तो माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला.

"सर, बापाला बरं न्हाय. घरी जाऊ?"

त्याच्या तोंडचं ते 'न्हाय' ऐकून मला हसूच आलं. मी म्हणालो, "परीक्षा देऊन जा. वर्ष बुडालं तर व्हिसाचं अवघड होईल."

"बरं, सर," म्हणून तो गेला.

शेवटच्या पेपरानंतर तो पुन्हा आला. "पेपर चांगला गेला, सर." मग खाली बघत म्हणाला, "बाप सोमवारी गेला."

तो पहिल्या वर्गात पास झाला. आम्ही मोठ्या अभिमानाने त्याचा फोटो माहितीपत्रकावर छापला. त्याने मला कधी बोल लावला नाही.

परवा बोट आली, माणसं चढली, मी तसाच बसून राहिलो. बापाला काय झालंय, एवढंसुद्धा मी त्याला विचारलं नव्हतं.