कंपनीची नोटीस आणि आमचं काउंटर

मोबाइल विकणाऱ्याकडे किस्से साठवावे लागत नाहीत, ते आपणहून येऊन बसतात. धुळ्यात आग्रा रोडच्या आतल्या गल्लीत माझं दुकान. शिक्षण बेताचं, रिपेअरिंग शिकलो ते बंद पडलेले फोन उघडून. ऑनलाइनवाल्यांइतकं स्वस्त विकणं मला जमत नाही. गिऱ्हाईक टिकतं ते एका वाक्यावर, "काही झालं तर माझ्याकडे या, मी उभा राहीन." हा शब्द पडला की दुकान पडलं! आणि याच शब्दापायी मी जितक्या नोटिसा वाचल्या, तितकी पुस्तकं वाचलेली नाहीत.

* * *

पहिली नोटीस पाटीची. दुकानावर एका कंपनीचा लोगो रंगवला होता. वकिलाचं पत्र आलं, "आपण आमचे अधिकृत दुरुस्ती केंद्र नाही. लोगो तात्काळ काढावा."

काढला. त्या जागी मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं, "अनधिकृत, पण प्रामाणिक दुरुस्ती." दुसऱ्या दिवसापासून लोक पाटीसमोर सेल्फी काढायला लागले, आणि सेल्फी काढता काढता फोनची फुटलेली काचही दाखवायला लागले!

* * *

मग गेमची धाड. मी नकली डिस्क विकतो, अशी कुणीतरी चुगली केली. मुंबईहून कंपनीचा माणूस आला, सोबत दोन पोलीस. कपाट उघडलं. आत सगळ्या डिस्क सीलबंद.

"या ओरिजिनल आहेत कशावरून?" त्यानं दरडावलं.

मी एका खोक्यावरून बोट फिरवलं आणि त्याच्यासमोर धरलं. "ही धूळ बघा साहेब. नकली असत्या, तर धूळ बसायला शिल्लक राहिल्या असत्या का?"

हवालदाराला हसू आवरेना. जाताना त्या माणसानं स्वतःच एक डिस्क विकत घेतली. त्या वर्षातली तेवढीच विक्री!

* * *

अमळनेरचे नाना, निवृत्त गणित शिक्षक. माझ्याकडून टॅब घेऊन ऑनलाइन बुद्धिबळ खेळायला लागले. महिनाभरात अकाउंट बंद. कारण? "आपण कॉम्प्युटरच्या मदतीने खेळता."

नाना टॅब घेऊन तडक दुकानात. "तू उभा राहणार होतास ना? राहा!" मी ईमेलवर ईमेल केले, तेव्हा कुठे कंपनीचा एक पोरगेलासा तज्ज्ञ व्हिडिओ कॉलवर खेळायला तयार झाला. नानांनी त्याला लागोपाठ तीन डावांत हरवलं.

"सर, खरं सांगा, कुठला कॉम्प्युटर वापरता?"

नानांनी टोपी सारखी केली. "सत्त्याहत्तर वर्षांपूर्वीचं मॉडेल आहे, बाळा. अजून एकदाही अपडेट मागितलेलं नाही!"

अकाउंट संध्याकाळी सुरू.

* * *

शिरपूरचे दोघे जुळे भाऊ. थोरल्यानं फोन घेतला. जाहिरात काय, तर "फक्त तुमच्याच चेहऱ्याने उघडतो!" तो धाकट्याच्याही चेहऱ्यानं उघडायचा. सर्व्हिस सेंटरचा इंजिनिअर म्हणाला, "हा फोन जुळ्यांसाठी नाही, अशी अट आहे."

धाकटा म्हणाला, "मग ही अट आमच्या आईला आधी कळवायची होती!"

मॉडेल बदलून मिळालं.

* * *

आणि सोनगीरच्या अक्का! त्यांना नवा फोन मिळाला, हे आधीच सांगून टाकतो. कसा मिळाला, ते ऐका.

अक्कांचा फोन आठव्या दिवशी बंद पडला. सर्व्हिस सेंटरनं तो उघडलासुद्धा नाही. मागच्या बाजूच्या लाल ठिपक्याचा फोटो काढला आणि लिहून दिलं, "उपकरणावर बाह्य पदार्थ. वॉरंटी रद्द."

अक्का माझ्यासमोर उभ्या. "भाऊ, नवी वस्तू उनी का कुंकू लावनंच पडस! त्यात मन्ही काय चूक शे?"

मी म्हटलं, "अक्का, ग्राहक आयोगात केस टाका. कंपनीवर टाका आणि माझ्यावरही टाका. विकणारा मीच आहे. म्हणजे मलाही तिथं बोलता येईल." स्वतःवर केस टाकायला सांगणारा दुकानदार आमच्या वकिलानं पहिल्यांदाच पाहिला! पण अक्का हरल्या असत्या, तर सोनगीरात माझ्या शब्दाला कुणी विचारलं नसतं.

युक्तिवादाची तारीख पडली दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच. कंपनीचा वकील पुण्याचा, कडक इस्त्रीचा. त्यानं नवाकोरा लॅपटॉप उघडून टेबलावर ठेवला. स्क्रीन त्याच्याकडे, झाकणाची पाठ अध्यक्षा मॅडमकडे. आणि सुरू झाला.

"मॅडम, इलेक्ट्रॉनिक उपकरण नाजूक असतं. कुठलाही जबाबदार ग्राहक त्यावर कुंकवासारखी पूड लावणार नाही. हा सरळसरळ निष्काळजीपणा आहे!"

मॅडम त्याच्याकडे बघतच नव्हत्या. त्या बघत होत्या लॅपटॉपकडे. शेजारचे सदस्यही तिकडेच. मी मान वाकडी करून बघितलं आणि तोंडावर रुमाल धरला.

पंधरा मिनिटांनी मॅडम शांतपणे म्हणाल्या, "वकीलसाहेब, लॅपटॉप मिटा बरं. आणि झाकण बघा."

त्यानं मिटला. झाकणावर लक्ष्मीपूजनाचं ठसठशीत कुंकवाचं स्वस्तिक, मधोमध चार अक्षता अजून चिकटलेल्या.

"मॅडम, ते... घरच्यांनी..."

मागून अक्का काळजीनं म्हणाल्या, "भाऊ, त्याना लॅपटॉपनी वॉरंटी शे ना?"