चौकटीला वाट नव्हती

भूतबाधा, उतारा, लागीर... मी यातलं काही मानत नाही. आधी मानत नव्हते, आताही नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण डोकं ठिकाणावर आहे. तरी हे एक घडलं ते लिहिते. पटलं तर पटलं.

दुसरं महायुद्ध चालू होतं. आमचे हे शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला, जंगल नाक्यावर नोकरीला होते. क्वार्टर म्हणजे मातीच्या भिंतींची, पत्र्याच्या छपराची एक खोली आणि पुढे ओटा. बिबट्याच्या भीतीने दार जाड सागाचं. खिडकी नाही, वर फक्त हातभर जाळी. हे दोन-दोन दिवस फेरीवर. घरात मी आणि तीन वर्षांची शांता.

माझे दीर धुळ्याला मास्तर. मुलांसाठी रानातल्या अद्भुत जिवांच्या गोष्टींचं पुस्तक ते काढणार होते. माझा हात बरा, म्हणून चित्रं माझ्याकडे. पत्रात त्यांनी लिहिलं होतं – "वहिनी, चित्राला चारही बाजूंनी पक्की चौकट घाला, छापायला बरं पडतं." मी आधी गेरू-काजळीने भिंतीवर काढून बघायची, मग कागदावर. शिंगांचा म्हातारा, बोटांना पालवी फुटलेली बाई, माणसाच्या तोंडाचं पाडस. चांगली उतरली होती. उगाच लाजू कशाला?

वैशाखातली दुपार. भिंतीवर चौकटीची खालची, शेवटची रेघ ओढली, हात पुसले आणि शांतेला पाणी द्यायला उठले. माठ ओट्यावर. दार नुसतं लोटलेलं होतं, कडी लावली नव्हती. ओढलं... हललं नाही. पाय भिंतीला लावून ओढलं. नाही.

पत्रा तापलेला. शांता रडत होती तोवर ठीक होतं. ती रडायची थांबली, तेव्हा मी घाबरले.

माझ्या हाका ऐकून पलीकडच्या झोपडीतली म्हातारी जनाअक्का आली. बाहेरून धक्के देऊन दमली.

"कडी तं उघडीच शे वं. आत काय करी राहिनी तू?"

"चित्र काढत होते, अक्का. दार ढकला ना."

"भितवर? खाले वाट सोडी का?"

तिकडे भिंतीवर चित्र काढलं की चौकटीत खाली वीतभर जागा मोकळी सोडतात, चित्रातल्यांना बाहेर जायला वाट म्हणून. मला ते माहीत होतं. पण पुस्तकाच्या चित्राला कसली वाट?

"नाही सोडली."

"मंग त्या कथाईन जातीन? पुस ती रेघ. शिकेल बाई म्हणे."

त्या टोमण्याचा मला राग आला. पण पोरीची मान कलंडत होती. उलथनं घेतलं आणि खालची रेघ पोपड्यासकट खरवडली.

दार हाताने ओढलं तसं उघडलं.

हे फेरीवरून आल्यावर म्हणाले, लाकूड फुगलं असेल. वैशाखात लाकूड सुकतं, फुगत नाही. जंगल खात्यातल्या माणसाला हे मी सांगायचं?

पण ते राहू द्या. दार उघडलं तेव्हा शांता माझ्या कडेवर होती, ओठ फुटलेले. समोर दोन पावलांवर माठ. मी निघाले, तर तिने माझा पदर घट्ट धरला.

"आई, थांब. त्यांना जाऊ दे आधी."

मला उंबऱ्यावर कोणी दिसलं नाही. तरी तहानलेली पोर कडेवर घेऊन मी तिथेच उभी राहिले, ती "आता चल" म्हणेपर्यंत. का उभी राहिले, ते मला अजून सांगता येत नाही.