सोपानचं म्हातारपण

नगरला माळीवाड्याच्या बाजूला माझा फोटो स्टुडिओ होता. फोटो मी काढायचो, पण गिऱ्हाईक खूश होऊन जायचं ते पुष्पावतीबाईंच्या हातामुळे. त्या मूळच्या संगमनेरच्या. वडिलांचा गणपती घडवायचा कारखाना होता आणि लहानपणापासून मूर्तींचे डोळे आखायचं काम त्यांच्याकडे असे. लग्न होऊन नगरला आल्या. त्यांचे यजमान आबासाहेब एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. एक दिवस बाई स्वतःच स्टुडिओत आल्या आणि म्हणाल्या, "दादा, तुमच्याकडे फोटोला फिनिशिंग कोण करतं? चेहरे फार गुळगुळीत होतात हो. लाटण्यानं लाटल्यासारखे."

मी जरा फणकाऱ्यातच निगेटिव्ह आणि पेन्सिल त्यांच्या हातात दिली. त्या दिवसापासून मागच्या खोलीतलं खिडकीजवळचं टेबल त्यांचं झालं.

आमच्यात एका गोष्टीवरून नेहमी वाद व्हायचा. मी म्हणायचो, चेहऱ्याच्या दोन्ही बाजू सारख्या करा, लोकांना तेच आवडतं. बाई ऐकायच्या नाहीत. शेवटी एकदा त्यांनी माझ्याकडून एका कापडवाल्याच्या फोटोचे दोन प्रिंट काढून घेतले, एक सुलटा, एक उलटा. दोन्ही मधोमध कापले आणि डाव्याला डावा, उजव्याला उजवा अर्धा जोडला. समोर दोन निराळीच माणसं उभी राहिली. एक भोळा वाटत होता, दुसरा पक्का लबाड.

"आता सांगा, शेठ यातला कोणता?" बाईंनी विचारलं.

मला हसू आलं. "दोन्ही मिळूनच शेठ आहे," मी म्हणालो, आणि तो वाद कायमचा मिटला.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात चांगुणाबाई आमच्याकडे आल्या. मुक्काम पाथर्डी तालुक्यातल्या एका खेड्यात. मुलगा गोरक्ष नागापूरच्या कारखान्यात लागला होता आणि केडगावला खोली घेऊन राहत होता. तोच आईला घेऊन आला होता. चांगुणाबाई हाडकुळ्या, गाल खोल गेलेले, ओठांना भेगा पडलेल्या. कापडात गुंडाळलेला एक फोटो त्यांनी काउंटरवर ठेवला. मढीच्या जत्रेत पडद्यासमोर काढलेला. फेटा बांधलेला, पंचविशीतला देखणा गडी, छाती काढून उभा.

"ह्ये माजं मालक," त्या म्हणाल्या. नाव त्यांनी घेतलं नाही. ते गोरक्षनं सांगितलं, सोपान. गोरक्ष पाळण्यात असताना विहिरीचं काम चालू होतं, वरची दरड सुटली आणि सोपान तिच्याखाली गेला.

"फोटो मोठा करून हवाय का?" मी विचारलं.

"मोठा हाय की. गोरक्षाच्या खोलीत भिंतीवर लावलाय." मग त्या एका दमात बोलल्या. "शेजारची रतनबाई परवा आली. फोटो बघून म्हनली, चांगुणाबाई, ह्यो तुमचा धाकटा का? कुठं असतो? काय सांगू तिला? म्या म्हातारी झाले न् ह्ये तसंच ऱ्हायलं. एका भिंतीवर दोघं लावलं तर मायलेकरं दिसू आमी. तवा यास्नी माज्या वयाचं करा न् मला शेजारी बसवा. येवढंच हाय."

मी समजावून सांगायला लागलो, की कॅमेरा समोर असेल तेच काढतो, जे झालंच नाही ते कुठून आणायचं. तेवढ्यात पुष्पावतीबाई हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आधी फोटो पाहिला, मग चांगुणाबाईंची हनुवटी धरून त्यांचा चेहरा उजेडाकडे वळवला, आपल्या घरातल्याच कुणाचा असावा तसा.

"खडीच्या कामावर जाता का?"

"व्हय. समदा गाव जातोय. दुसरं काय हाय?"

"मग तुमचा फोटो आज काढायचा नाही," बाई म्हणाल्या. "हा चेहरा तुमचा नाही, दुष्काळाचा आहे. वयानं गाल खाली येतात, असे आत जात नाहीत. पाऊस पडू दे, पोटात दोन घास नीट जाऊ देत, तुमचा चेहरा परत येईल. आत्ता काढला तर मालकांनाही एवढंच सुकवावं लागेल मला."

"मला थांबायला काय झालंय," चांगुणाबाई म्हणाल्या. "येवढी वर्सं थांबले, आनखी थांबंन की."

अशा रीतीनं बाईंनी ते काम अंगावर घेतलं.

पहिला प्रयत्न पार फसला. त्यांनी फोटो मोठा करून घेतला, मिशा आणि कानाजवळचे केस पांढरे केले, कपाळावर आठ्या काढल्या, डोळ्यांखाली सावली दिली. मला तर ते छान वाटलं. गोरक्ष आईला घेऊन आला. चांगुणाबाईंनी पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. रडू नव्हतं ते, हसू होतं.

"बाई, ह्यो तर सोंग घेतल्याला पोरगा हाय. तोंडाला पीठ लावल्यावानी दिसतोय."

पुष्पावतीबाईंचा चेहरा उतरला. पण त्या म्हणाल्या, "खरंय तुमचं. मी वरनं रंग दिला. आतलं हलवलंच नाही."

मग त्यांनी माळ्यावरच्या खोक्यांना हात घातला. माझ्या वडिलांपासूनच्या काचेच्या निगेटिव्ह प्लेटा त्यात होत्या. नगरमधली कितीतरी घरं आमच्याकडेच फोटो काढायची. लग्नात जोडप्याचा फोटो, पुढं पोरांबरोबर, आणि साठी झाली की परत एकदा. बाई एकाच माणसाच्या प्लेटा हुडकून काढायच्या आणि खिडकीच्या उजेडात शेजारीशेजारी धरायच्या. मधूनच मला हाक मारायच्या.

"दादा, हे बघा. नाक लांब झालंय. शेंडा खाली आलाय. कानाची पाळी बघा किती उतरली. वरचा ओठ बघा, पातळ होतो आणि लांबतो, दात झाकायला लागतो. आपण नुसत्या आठ्या काढत बसतो, आणि इथं सगळं घरच खाली सरकलंय."

"आणि न बदलणारं काही?"

"डोळ्यांमधलं अंतर. ते जिथल्या तिथं. भुवया उतरतात, पापण्या जड होतात, पण त्या दोन जागा हलत नाहीत. म्हणून तर माणूस ओळखू येतो." त्यांनी प्लेट खाली ठेवली. "गणपतीचं बरं होतं. त्याचं वय वाढत नाही."

पण दुसऱ्यांचे चेहरे पाहून सोपानचा कसा कळणार? त्याचा थोरला भाऊ कोंडीराम गावी होता. तेव्हा एका रविवारी गोरक्षबरोबर आम्ही दोघं एसटीनं तिकडं गेलो.

कोंडीरामनं ओसरीवर घोंगडं टाकलं, पाणी दिलं, आणि आम्ही कशाला आलोय हे कळल्याबरोबर उठून उभा राहिला. "न्हाई जमायचं. मेल्याला मानूस मेला त्या वयाचाच ऱ्हातो. तुमी कोन त्याला म्हातारा करनार? चांगुणीचं डोकं फिरलंय, तुमचं बी फिरलं का?"

मला वाटलं, आता परतीची गाडी बघावी. पुष्पावतीबाई मात्र बसूनच राहिल्या. "नको तर नको," त्या शांतपणे म्हणाल्या. "चहा घेऊन जाऊ."

गुळाचा कोरा चहा आला. बाई कोंडीरामकडे बघत होत्या. तो बशीतून चहा ओढायचा तेव्हा त्याचे गाल आत जायचे आणि हनुवटी नाकाजवळ यायची. त्याला ते बघणं टोचायला लागलं.

"काय बघताय येवढं?"

"तुमचे दात कधी गेले?"

कोंडीराम चमकला. मग त्याला हसू फुटलं. "कवाच गेलं की. तंबाखूनं खाल्लं."

"भावाचेही गेले असते का?"

"सोपाचं? अवो, दातानं सुपारी फोडायचा त्यो! उसाचं कांडं असं सोलायचा, बघत बसावं. तंबाखूचा वास बी खपायचा न्हाई त्याला." तो परत खाली बसला. "उजवीकडची एक दाढ तेवढी किडल्याली. समदं डाव्या अंगानं चावायचा. आई म्हनायची, ह्यो म्हशीवानी एकाच बाजूनं रवंथ करतो."

तो बराच वेळ बोलत राहिला. भावाबद्दल इतकं तो कित्येक वर्षांत बोलला नसावा. निघताना मात्र परत म्हणाला, "माजं म्हननं तेच हाय. पन आलात तर आलात."

एसटीत बाई म्हणाल्या, "दात शाबूत, म्हणजे जबडा बसलेला नाही. चेहऱ्याची लांबी टिकली असती. आणि डावा गाल भरलेला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हाडं मिळाली दादा. आता स्वभाव पाहिजे."

तो चांगुणाबाईंकडूनच मिळणार होता. त्या केडगावला आल्या की स्टुडिओत येऊन टेबलाजवळ बसायच्या. एकदा बाईंनी विचारलं, "मालक हसरे होते की रागीट? मला सुरकुत्या कुठं टाकायच्या ते ठरवायचंय."

चांगुणाबाईंनी आधी कौतुकच सांगितलं, कष्टाळू होते, देवभोळे होते. मग बोलणं मध्येच थांबलं.

"खरं सांगू का बाई? आमचा संसार झालाच किती? मला नीट कळलं बी न्हाई त्ये कसं हुतं. रागीट हुतं. भाकर करपली तर ताट सारायचं. पन मागनं चुलीपाशी येऊन तीच भाकर गपचिप खायाचं."

"मग म्हातारपणी कसे झाले असते?"

त्या टेबलावरच्या सोपानकडे बघत राहिल्या. बाहेर टांग्याची घंटा वाजत गेली.

"निवळलं असतं," त्या म्हणाल्या. "म्या निवळवलं असतं."

पुष्पावतीबाईंनी मान डोलावली आणि पेन्सिल उचलली. दोन भुवयांच्या मध्ये त्यांनी रागाच्या दोन उभ्या रेघा ठेवल्या, पण जुन्या, बुजत आलेल्या. डोळ्यांच्या कडांना मात्र हसण्याच्या बारीक रेघा पसरल्या. हे काम पावसाळाभर चाललं. त्या वर्षी पाऊस चांगला झाला. बाई रोजची कामं उरकून मग सोपानकडे वळायच्या. आज कानाची पाळी, उद्या पापणी. मी कधी डोकावलो की मला एक माणूस हळूहळू म्हातारा होताना दिसायचा.

दिवाळी झाल्यावर चांगुणाबाई आल्या आणि मी त्यांना पटकन ओळखलं नाही. गाल भरले होते, कातडीला तकाकी आली होती. पन्नाशीला टेकलेली, उन्हानं रापलेली, धड चेहऱ्याची बाई. मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि उजव्या हाताला जागा मोकळी सोडून फोटो काढला. बाईंनी दोन्ही चित्रं एकत्र बसवली आणि उजेड एका बाजूनं यावा म्हणून दोघांवर परत ब्रश फिरवला.

फोटो न्यायला आईबरोबर गोरक्ष आला आणि त्याच्या मागं, न सांगता, कोंडीराम. तो दाराशीच उभा राहिला. पुष्पावतीबाईंनी फोटोवरचं फडकं काढलं आणि त्या बाजूला झाल्या.

चांगुणाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला. घरात मालक आल्यावर ओढावा तसा. मग हसल्या.

"लई म्हातारं झालात की वो!" त्या फोटोला म्हणाल्या. आणि नंतर रडल्या.

कोंडीराम पुढं आला. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "ह्यो आमचा बा हाय," तो पुटपुटला.

पुष्पावतीबाई घाबरल्या. सोपान-कोंडीरामच्या वडिलांचा फोटो कुठंच नव्हता, बाईंनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "म्हणजे चुकलं का माझं?"

"न्हाई, न्हाई. बरूबर हाय." त्यानं डोळे पुसले. "लोक म्हनायचं, सोपा बा-वरच गेलाय, म्हातारा झाला की कळंल. म्हातारा कुठं झाला त्यो? आज झाला."

तो फोटो केडगावच्या खोलीत लागला. रतनबाईनं पाहिला, तिनं आणखी चौघींना सांगितलं, आणि आमच्याकडे बायका यायला लागल्या. कुणाचा नवरा प्लेगात गेलेला, कुणाचा भाऊ लढाईत. बाईंनी काही कामं घेतली, काही नाकारली. नाकारलेलं एक माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

राहीबाई म्हणून एक बाई आली होती. तिच्याजवळ तिच्या मुलीचा फोटो होता, रांगत्या वयातला. मुलगी तापानं गेली होती. "आज लग्नाची झाली असती," राहीबाई म्हणाली. "मला तिला नवरीच्या वेशात बघायचंय."

मला वाटलं, बाई हो म्हणतील. त्यांनी फोटो घेतला, पुष्कळ वेळ पाहिला आणि मान हलवली.

"नाही जमणार, राहीबाई. मोठ्या माणसाचा चेहरा झालेला असतो, तो पुढं कुठं जाईल ते शोधता येतं. लेकराचा अजून व्हायचा असतो. सगळं कपाळ आणि डोळे. नाक बसायचंय, जबडा यायचाय. मी नवरी काढीन, सुंदर काढीन, पण ती माझ्या मनातली कुणीतरी असेल. तुमच्या घरात एक परकी मुलगी लावून ठेवायची का?"

राहीबाईचे डोळे भरले. "मग ती कशी दिसली आसती, ह्ये कुनालाच ठावं न्हाई व्हय?"

"नाही," बाई म्हणाल्या. "पण ती कशी होती ते तुम्हाला ठाऊक आहे. हे डाग मी काढते, झबल्याला रंग देते. कोणता होता?"

"पिवळा," राहीबाई म्हणाली. "हळदीवानी न्हाई, शेवंतीवानी." आणि मग ती सांगायला लागली, की पोर हसली की एकच खळी पडायची, नाव घेऊन हाक मारली तर बघायची नाही, टाळी वाजवली की मात्र मान वळवायची. पुष्पावतीबाईंनी ब्रश खाली ठेवला आणि खुर्ची तिच्याजवळ ओढून घेतली.