पुन्हा आलेली पत्रिका

तंजावूरच्या एका खाजगी कॉलेजात मी कॉम्प्युटर विभागात नोकरी करते. बाहेरून व्हायरस असलेला मेल आला की तो पाठवणाऱ्याला फोन करून सांगायचं, हे काम माझ्याकडे आहे. ज्याचं खातं भलत्याच्या हातात गेलंय त्याला त्याच खात्यावर लिहून उपयोग नसतो, म्हणून फोन करावा लागतो.

हा फोन कुणालाच आवडत नाही. पुस्तकं पुरवणारा एक दुकानदार मला म्हणाला, "माझ्या दुकानात रोज पूजा होते अम्मा, असलं काही इथून यायचं नाही." एका निवृत्त प्राध्यापकांनी माझं शिक्षण किती ते विचारलं. मुलाच्या डोक्यात उवा आहेत असा शाळेतून निरोप आला की आई जशी चिडते, तसे सगळे चिडतात. विभागातले बाकीचे हे काम टाळायचे. मला चालायचं. त्या वर्षी मला सगळंच चालत होतं.

आदल्या वर्षी माझं लग्न ठरलं होतं. घर आमच्यासारखंच, पिढ्यान्‌पिढ्या तंजावुरातलं, घरात मराठी बोलणारं. मुलगा बंगळूरला नोकरीला. त्याचे वडील ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांना मी मामा म्हणायचे आणि त्याच्या आईला मामी. मंडप ठरला, पत्रिका छापल्या. पत्रिकेत एका बाजूला तमिळ आणि दुसऱ्या बाजूला मराठी होतं. ती मराठी अक्षरं दोन्ही घरांत धड कुणालाच वाचता येत नव्हती, तरी हवीत म्हणून मामांनी हट्टानं छापून घेतली होती. आणि मग मुलानं नको म्हणून सांगितलं. कारण सांगितलं नाही. मामा स्वतः आमच्या घरी आले, बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसले, आणि आईनं दिलेलं पाणी हातात धरून माझ्या वडिलांना, अप्पांना म्हणाले, "मज तोंड नाही बोलायला." पाणी तसंच ठेवून गेले. मी सोमवारी कामावर गेले. कुणी काही विचारलं नाही. मला बरं वाटलं असं नाही, वाईट वाटलं असंही नाही.

त्यानंतर वर्ष गेलं असेल. एके दिवशी सकाळी मी टेबलाशी बसते आहे तोच विभागात नव्यानं आलेली एक बाई हसत माझ्याजवळ आली.

"अक्का, अभिनंदन! आम्हाला सांगितलंसुद्धा नाहीत."

"कसलं?"

"लग्नाचं! पत्रिका आली ना मेलवर. मी उघडत होते, पण फाइल उघडतच नाही."

मी तिच्या मशीनची केबल आधी काढली. मग तो मेल पाहिला. मामांच्या पत्त्यावरून आला होता. वर्षापूर्वी त्यांनी आमच्या विभागाला आमंत्रणाचा मेल पाठवला होता, मीच पत्ता दिला होता त्यांना. तोच मजकूर, तीच माझ्या नावापुढची पदवी, खाली एक नवी फाइल जोडलेली. हा व्हायरस असंच करतो. माणसाच्या खात्यातला जुना, खरा मेल उचलतो आणि त्यालाच फाइल लावून पुन्हा पाठवतो. मेल खरा असतो, म्हणून लोक फसतात.

आमचे विभागप्रमुख माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. त्यांना सगळं माहीत होतं.

"फोन मी करतो," ते म्हणाले.

"नको सर. माझ्याकडे नंबर आहे."

मामांनी फोन लगेच उचलला. मी नाव सांगितलं. मी सगळ्यांना सांगते तेच वाक्य मराठीत सांगितलं, "तुमच्या मेलवरून आमच्याकडे व्हायरस आला आहे."

"कसला मेल?"

"पत्रिकेचा."

"मी नाही गं पाठवला," ते घाईघाईनं म्हणाले. "देवाशपथ. मी कशाला पाठवू?"

"ठाऊक आहे मामा. व्हायरसनं पाठवला."

"आणखी कुणाकुणाला गेला?"

"तुमच्या खात्यात ज्यांचे पत्ते आहेत त्यांना."

"म्हणून सकाळपासून फोन येताहेत. नव्यानं मुहूर्त काढला का विचारतात. तुझ्या मामीनं एकाला कसंबसं सांगितलं. दुसरा आला तेव्हा फोन माझ्या हातात दिला नि आत गेली."

पासवर्ड बदला, मी म्हटलं. त्यांना तो ठाऊक नव्हता. मुलानं घातलेला होता. मी एकेक करून काय काय दाबायचं ते सांगत गेले, पण त्यांना समोर काय दिसतंय हेच सांगता येईना. दुपारपर्यंत त्यांच्याकडून आमच्याकडे आणखी मेल आले. मी सरांना विचारलं आणि स्कूटर काढून त्यांच्या घरी गेले. जायला हवंच होतं असं नाही. पण नाही गेले तर दिवसभर तेच मेल अडवत बसावं लागलं असतं.

घर राजवाड्यामागच्या गल्लीत. ठरवाठरवीच्या वेळी एकदा आले होते. दार मामींनी उघडलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, "ये," म्हणाल्या आणि कॉफी करायला गेल्या.

कॉम्प्युटर आतल्या खोलीत होता. ती खोली आमच्यासाठी रंगवून घेतली होती, हे मला लग्न ठरलं तेव्हा कळलं होतं. नवं कपाट भिंतीशी उभं होतं, त्याचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. रंग फिकट पिवळा होता. बरा होता. मी खुर्ची ओढून बसले आणि मशीन तपासायला लावलं.

पासवर्ड बदलायला कोड लागत होता, आणि तो मुलाच्या फोनवर जाणार होता. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "विचारा त्यांना." त्यांनी फोन लावून टेबलावर ठेवला, स्पीकर चालू करून.

"तुझ्याकडे एक नंबर येईल, तो सांग," मामा म्हणाले.

"का? कोण आलंय?"

"कॉलेजातनं आलेत. कॉम्प्युटर बघायला."

त्यानं एकेक आकडा सांगितला, मी टाइप केला. मग तो म्हणाला, "त्यांना विचारा, माझे जुने फोटो जातील का."

मामा माझ्याकडे वळले. मग मीच म्हणाले, "नाही जाणार. फोटोंना काही झालेलं नाही."

त्याच्या मागे कुठेतरी गाड्यांचे हॉर्न वाजत होते. "थँक्स," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

मी मामांना म्हटलं, नवा पासवर्ड तुम्हीच घाला, आणि तोंड वळवून खिडकीकडे पाहत बसले. कॉलेजातही आम्ही असंच करतो. कॉफी आली होती. मामींनी ती माझ्यासाठी डबऱ्यात, पेल्याखालच्या खोलगट वाटीत, ओतून निववून आणली होती. मी प्यायले.

आता एकच राहिलं होतं. ज्यांना तो मेल गेला त्या सगळ्यांना, फाइल उघडू नका, असं कळवायचं. मी तमिळमध्ये दोन ओळी लिहिल्या आणि मामांना वाचून दाखवल्या. आमच्या नावानं आलेली लग्नपत्रिका उघडू नये, तिच्यात व्हायरस आहे.

"एवढंच?" मामांनी विचारलं.

"एवढं पुरे आहे."

मामी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "लग्न झालं नाही तेही लिहा."

"आता कशाला?" मामा म्हणाले.

"तेव्हा आपण कुणाला कळवलं का? लोक गप्प राहिले म्हणून आपणही राहिलो. त्या पोरीबद्दल कोण काय बोललं असेल, ते आपल्या कानावर थोडंच येणार आहे!"

मी तिथेच बसले होते. त्या माझ्याबद्दल बोलत होत्या हे कळत होतं, पण दुसऱ्या कुणाबद्दल चाललं असावं तसं ऐकत होते. मामांनी मला उठवलं, स्वतः खुर्चीवर बसले आणि एका बोटानं अक्षर शोधत शोधत टाइप करू लागले. खूप वेळ लागला. मग त्यांनी मला विचारलं, "चुका आहेत का बघ."

त्यांनी माझ्या ओळींखाली तमिळमध्येच लिहिलं होतं: ते लग्न झाले नाही. आमच्या मुलाने नकार दिला. मुलीचा यात काही दोष नव्हता, हे आम्ही तेव्हाच कळवायला हवे होते.

एका शब्दात अक्षर गळलं होतं, तेवढं मी घातलं. "ठीक आहे," म्हटलं. त्यांनी बटण दाबलं. मेल गेला.

निघताना मामींनी मला कुंकू लावलं आणि परसातल्या मरव्यासकट ओवलेला कदंबमचा, नाना फुलांचा गजरा केसांत माळला. घरातून निघणाऱ्या कुठल्याही बाईला करतात तसं. मामा पायरीपर्यंत आले. त्यांना आणखी काही बोलायचं होतं असं वाटलं, पण मी स्कूटर चालू केली होती.

परत कॉलेजात आले तोपर्यंत त्यांचा मेल आमच्या विभागालाही पोचला होता. आमचा पत्ता त्यांच्या खात्यात होताच. सगळ्यांनी वाचला होता. ती नवी बाई माझ्याजवळ आली. मी तिला सांगितलं, मशीन उद्या मिळेल, आज शेजारच्या टेबलावर बस. वहीत मी त्या दिवसाची नोंद केली: पाठवणाऱ्याचे खाते दुरुस्त.

घरी आईनं केसांतली फुलं पाहिली. "कोणी दिली?"

मी सांगितलं. अप्पा पेपर वाचत होते, त्यांनी तो खाली केला. "काय म्हणाले ते?"

"काही नाही. कॉफी दिली."

मेलचं मी सांगितलं नाही. ते त्यांना दुसऱ्या दिवशी एका चुलत्याकडून कळलं. अप्पा तो मेल मोबाईलवर पुन्हा पुन्हा वाचत राहिले. आई देवापाशी जाऊन बसली, आणि बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. माझ्यासमोर कुणी विषय काढला नाही. मला त्यांच्याकडे पाहून वाटलं, यांना आतापर्यंत इतकं लागलेलं होतं तर! मला तेव्हा काहीच लागत नव्हतं. जेवण वाढलं तसं मी जेवले.

त्या आठवड्यात कुंभकोणमच्या एका छपाईवाल्याकडून तसाच व्हायरस आला. मी त्याला फोन केला. तो चिडला, मग घाबरला, मग विचारू लागला की आता काय करायचं. मी त्याला पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.